गिझर फुटला, आळ इंदुबाईवर

भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या इंदुबाई भोईरचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो, असं तिचा नवरा तुळशीराम लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आला होता. तो स्वतः कमी बोलायचा. खाडीत जाळं टाकून तासन्‌तास गप्प बसणाऱ्या माणसाला घरी आल्यावर बोलायची फारशी गरजही वाटत नसावी. दोघांच्या वाटणीचं इंदुबाईच बोलायची.

लग्न होऊन आली तेव्हा गावाच्या कडेला मिठागरं होती. सासूबरोबर तीही डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायला जायची. एका वर्षी अवकाळी पावसात मिठाची रास भिजून वाहून गेली. मुकादमाने मालकाला सांगितलं, बायकांनी रास झाकायचं टाळलं, म्हणून नुकसान झालं. खरं तर त्या दिवशी मुकादमच रास झाकायचे झाप ठेवलेल्या खोलीची किल्ली घेऊन कुणाच्या तरी हळदीला गेला होता. बाकीच्या बायका खाली मान घालून उभ्या राहिल्या. नवी नवरी इंदू तेवढी पुढे झाली आणि मालकाच्या तोंडावर म्हणाली, "शेठ, किल्ली कोनाच्या कमरेला होती, ता इचारा." त्यापायी तिचं काम काही दिवस बंद राहिलं. सासू रागावली. पण मालकाने मुकादमाला विचारलं, आणि मुकादम कमरेच्या किल्लीवर सदरा ओढायला लागला.

पुढे मिठागरं बंद पडली. बांध फुटले, भरणी पडली, त्या भरणीवर इमारती चढल्या. तुळशीरामच्या जाळ्यातली मासळी वर्षागणिक कमी होत गेली आणि गावातल्या बायका सकाळी बस धरून मिरा रोडला धुण्याभांड्याच्या कामाला जायला लागल्या. इंदुबाईही गेली. पूनम सागरच्या भागात 'नीलतरंग' नावाची इमारत होती, तिथे तिने तीन-चार घरं धरली. त्यातलं पोवळ्यांचं घर तिच्या सगळ्यात आवडीचं.

अभिनव पोवळे लालबागच्या चाळीत वाढलेला. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, अशी जिंदगी काढून तो इथे आला होता. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटचं त्याला भारी कौतुक. त्यातही बाथरूमचं जास्त. पांढऱ्या टाइल्स, आणि भिंतीवर वर लावलेला मोठा, गोल बुडाचा गिझर. "चाळीत बंबासाठी लाकडं फोडायचो मी," तो पाहुण्यांना सांगायचा, "इथे नुसतं बटण दाबायचं." त्याची बायको रसिका विमा कंपनीच्या ऑफिसात होती. मुलगी क्षितिजा सहा वर्षांची. आई ऑफिसला गेली की पाळणाघराची रिक्षा येईपर्यंत ती इंदुबाईच्या पाठी पाठी फिरायची आणि तिच्या बोलण्याची नक्कल करायची. "न्हाय जेवनार मी," असं एकदा क्षितिजा आजीला फोनवर म्हणाली, तेव्हा रसिका हसून हसून खाली बसली होती.

पाण्याची मात्र सगळ्याच घरांत रड होती. नगरपालिकेचं पाणी येऊन जायचं कधी ते कळायचंही नाही. उरलेला वेळ टँकर, नाहीतर बोअरिंगचं खारं पाणी. त्या पाण्याने नळाच्या तोंडाला पांढरे थर चढायचे, बादलीच्या बुडाला चुन्यासारखी खपली धरायची. इंदुबाई ती काथ्याने घासून घासून काढायची. तेच पाणी गिझरच्या पोटात जात होतं आणि तिथे काथ्या पोचत नव्हता.

गिझरच्या खाली पाणी आत येण्याच्या जागी एक छोटी पितळी तोटी होती. पाणी तापायला लागलं की तिच्यातून थेंब थेंब गळायचं. त्या थेंबांनी टाइल्सच्या फटीत ओल धरली आणि हळूहळू ती खालच्या तीनशे तीन नंबरच्या छतावर उतरली. तीनशे तीनमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र कामेरकर राहायचे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के, निदान दुसऱ्यांच्या बाबतीत. रोज सकाळी फिरून येताना ते अभिनवला जिन्यात गाठायचे.

"पोवळे, माझ्या छताचा पोपडा पडला काल. ते ठिबकणं बंद करा बुवा. नाहीतर मला कमिटीत घ्यावं लागेल प्रकरण."

"करतोय काका. प्लंबर येतो म्हणतोय, येतच नाहीये."

"प्लंबर कशाला? एवढंसं भोक आहे. बुजवून टाका."

एका रविवारी अभिनवने ते बुजवलं. हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रू आणि फटी बुजवायची लांबी आणली, स्टुलावर चढला, तोटीच्या तोंडात स्क्रू पिळून बसवला आणि वर लांबी थापली. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून ते इंदुबाईने धरलं होतं.

"बघा मावशी," तो वरून म्हणाला, "प्लंबरची गरजच नाय. एक थेंब पडतोय का?"

"न्हाय पडत," इंदुबाई म्हणाली. खरंच पडत नव्हता. तिला बरंच वाटलं, फरशी पुसायचं एक काम कमी झालं.

पण त्यानंतर गरम पाण्याचा नळ सोडला की आधी फुसफुस करून वाफ यायची, मग उडत उडत पाणी. एकदा तिच्या हातावर चटका बसला. तिने रसिकाला सांगितलं, "ताई, पानी लय कढत येतं. नलातून नुसती वाफ निंगते."

रसिका डबा भरत होती. "थंड मिसळा ना मावशी. ह्यांना सांगते मी." तिने सांगितलंही असेल. गिझरचं बटण त्या घरात सकाळी लागायचं ते दिवसभर चालूच राहायचं. अभिनवचं म्हणणं, "ऑटोमॅटिक आहे. पाणी तापलं की आपोआप बंद होतो." आधी होतही असेल. आतला तो भाग केव्हातरी बिघडला होता आणि बंद व्हायचा थांबला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

नाताळची सुट्टी होती. क्षितिजाची शाळा बंद, म्हणून रसिका उशिरा ऑफिसला जाणार होती. अभिनव आंघोळ करून केव्हाच गेला होता, बटण नेहमीसारखं चालू. इंदुबाई बाथरूममध्ये कपडे घासत बसली होती. क्षितिजा खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी उभी, मावशीचं उरकलं की आंघोळीला जायचं म्हणून. रसिका बाहेर फोनवर बोलत होती.

वरून आवाज यायला लागला. आधी घरघर, मग डब्यात खडे हलवावेत तसा. इंदुबाईने वर पाहिलं. गिझरचं गोल बूड खालच्या बाजूला फुगलं होतं. तिने साबण टाकला, उठली, दाराशी उभ्या असलेल्या पोरीला दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या पॅसेजमध्ये ढकललं, आणि स्वतः उंबरठ्यावर असताना तो फुटला.

आवाज खाली रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी ऐकला. बॉम्ब फुटला असं समजूनच लोक धावले. मुंबईत बॉम्बस्फोटांचा काळ होता तो. गिझरचं बूड खाली उडालं आणि वरची टाकी उडून छताच्या स्लॅबमध्ये घुसली. बाथरूमची एक भिंत स्वयंपाकघरात कोसळली. उकळतं पाणी आणि वाफ इंदुबाईच्या पाठीवर, मानेवर, डाव्या दंडावर आली. तिच्या खांद्यावर विटा पडल्या. क्षितिजाचं कोपर सोललं. पोरीला झालं ते एवढंच.

आगीचा बंब आला. फायर ब्रिगेडच्या साहेबाने ढिगाऱ्यातून गिझरचं बूड उचललं, उलटं करून पाहिलं आणि ती पितळी तोटी बोटाने दाखवत विचारलं, "ही कोणी बुजवली?"

अभिनव ऑफिसातून धावत आला होता. "माहीत नाही," तो म्हणाला.

"अहो, जास्तीचा दाब बाहेर पडायला एवढा एकच रस्ता असतो. ती ठिबकते तेव्हा तिचं काम करत असते. हा तर तुम्ही घरात बॉम्ब करून ठेवलात." साहेबांनी हे मोठ्याने सांगितलं. रसिकाने ऐकलं. तिच्या शेजारी कामेरकर उभे होते, त्यांनीही ऐकलं.

इंदुबाई तेव्हा तिथे नव्हती. तिला भाईंदरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पालथी निजवून डॉक्टर तिची पाठ धुवत होते. इतकं ओरडली ती, की तुळशीरामला बाहेर व्हरांड्यात कानांवर हात ठेवून बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला एक हवालदार आला. खुर्ची ओढून बसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गिझर चालू कोणी ठेवला होता, बाई?"

इंदुबाईला मान वळवता येत नव्हती. उशीतच तोंड ठेवून ती म्हणाली, "मना कशाला इचारता? ज्याचा हाय त्याला इचारा."

"बिल्डिंगवाले सांगतायत की तुम्ही चालू ठेवलात."

"कोन सांगतो? नाव सांगा त्याचं."

हवालदाराने नाव सांगितलं नाही. 'अपघात' असं लिहिलं आणि अंगठा घ्यायला शाईची डबी काढली. "अंगठा नको," इंदुबाई म्हणाली, "सही येते मना." आणि उजव्या हाताने, पालथी पडल्या पडल्या, तिने वेडीवाकडी सही केली.

खरी गोष्ट तिला कळली ती अनसूयाकडून. राई गावची अनसूया त्याच इमारतीत काम करायची. इंदुबाई दवाखान्यातून घरी आल्यावर ती तिला भेटायला आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "इंदू, खाली फल्यावर कागद लावलाय."

"कसला कागद?"

अनसूया शिकलेली नव्हती, पण लिफ्टची वाट बघणाऱ्या लोकांनी इतक्या वेळा मोठ्याने वाचून दाखवला होता, की तिला तो पाठ झाला होता. 'कामवाल्या बायकांच्या निष्काळजीपणामुळे आपल्या इमारतीत गंभीर दुर्घटना घडली आहे. यापुढे कोणत्याही बाईने गिझरला अथवा बटणाला हात लावू नये. सभासदांनी आपापल्या बायांवर लक्ष ठेवावे. आदेशावरून, सेक्रेटरी.'

इंदुबाई एकदम उठून बसायला गेली. पाठीची नवी कातडी ताणली आणि ती कळवळून पुन्हा आडवी झाली. पण तोंड थांबलं नाही. "माझी पाठ भाजली, आनी निष्कालजी मीच? बटन मी कंधी दाबलाय? पोवल्या सकाली दाबून जातो, तो रात्री येऊन बंद करतो. माझ्यासमोर त्याने भोक बुजवलाय! स्टूल मी धरलाय!"

"बाकीच्या घरांनी पन तुला काढली," अनसूया हळूच म्हणाली. "आमाला बोलले, तिला सांगा, येऊ नको."

त्या क्षणी इंदुबाईला आपल्या पाठीपेक्षा जास्त काहीतरी दुखलं. त्या घरांतून तिने आजारी म्हाताऱ्यांची अंगं पुसली होती, बाळंतिणींना शेक दिला होता. तिला विचारायलासुद्धा कोणी आलं नव्हतं. एक कागद वाचून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

दोन-तीन दिवसांनी रसिका मुर्ध्याला आली. सफरचंदं, मोसंबी आणि मलमाच्या नळ्या घेऊन. ओटीवर अवघडून बसली. इंदुबाईच्या मुलीने, मनालीने, चहा आणून ठेवला; तो तिने हातातच धरून ठेवला.

"मावशी, क्षितिजा रोज तुमचं विचारते. तुम्ही तिला ढकललं नसतं तर..." 

"पोर बरी हाय ना?"

"हो. झोपेत दचकते, पण बरी आहे." रसिकाने डोळे पुसले. "मावशी, आम्हाला माहितीये तुमची काही चूक नाही. फायर ब्रिगेडचे साहेब स्पष्ट बोलले. ती तोटी बुजवल्यामुळेच झालं."

इंदुबाई तिच्याकडे बघत राहिली. "तुमाला माहिती होता?"

"हो. पण ह्यांचा... समजून घ्या मावशी. पोलीस, सोसायटी, खालच्यांच्या घराचं नुकसान. ह्यांच्यावर आलं तर आम्ही पुरते बुडतो. उपचाराचं सगळं आम्ही बघतो. तुम्ही काळजी करू नका."

"ताई," इंदुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून मनाली दारात थबकली. आईचा आवाज असा खाली गेलेला तिने फार कमी वेळा ऐकला होता. "इथं माझ्या ओटीवर येऊन सांगता, चूक न्हाय. हितं मना ठावच हाय की. तितं खाली फल्यावर कोन सांगनार?"

रसिकाने न प्यायलेला चहा खाली ठेवला. ती उठली. फळांची पिशवी ओटीवरच राहिली. तुळशीराम संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग? जाऊ दे म्हनतेस?"

"जाऊ दे? मी?"

"न्हाय, मी आपला इचारला," तो म्हणाला, आणि पिशवीतलं एक सफरचंद काढून मनालीला दिलं.

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे नीलतरंगची मीटिंग. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टँकर, पार्किंग आणि तिसरा विषय, कामवाल्या बायकांसाठी नवे नियम. इंदुबाई रिक्षातून उतरली. अंगात तुळशीरामचा सैल सदरा, कारण पाठीला दुसरं काही सोसत नव्हतं. डावा हात गळ्यात अडकवलेला. बरोबर अनसूया आणि मुर्ध्या-राईच्या आणखी काही बायका. वॉचमनने गेट अडवलं.

"आज संडे है. काम पे नहीं आने का."

"काम पे नहीं आये," अनसूया म्हणाली, "मीटिंग में आये है."

कामेरकर माइकवर बोलत होते. माइकची काही गरज नव्हती. बायका सरळ खुर्च्यांमधून पुढे आल्या आणि इंदुबाई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हे बघा बाई," कामेरकर म्हणाले, "ही सोसायटीच्या सभासदांची सभा आहे. बाहेरच्यांना इथे..."

"मी भायेरची? मंग तुमच्या कागदात मी कशी घुसले?"

कोणीतरी हसलं. कामेरकर हसले नाहीत. "त्या सूचनेत कोणाचं नाव नाही."

"नाव न्हाय! या बिल्डिंगीत आनखी कोनाची पाठ भाजलीय? सांगा. उभा करा तिला हितं." इंदुबाईने माइककडे बघितलंही नाही. तिचा आवाज वर पार्किंगच्या छताला जाऊन आदळत होता. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावायला लागली. "एकच गोष्ट इचारायला आलेय. माझी निष्कालजी काय, ती सांगा. मी काय केला?"

"गिझर चालू राहिला..."

"कोनी लावला? कोनी पाह्यला मना लावताना? तुमी पाह्यला?"

कामेरकर कागद चाळायला लागले. अभिनव मागच्या रांगेतून उठला. "मावशी, घरी बोलू आपण. तुमचा उपचार करतोय ना आम्ही?"

"माझ्या पाठीला मलम लावतोस, ता ठीक. माझ्या तोंडाला काळं लावलाय, त्याला कंचा मलम आनलायस?" ती त्याच्याकडे वळली. "अभिनव, तू स्टुलावर चढला होतास. कोन खाली उभा होता? सांग ना सगल्यांना. मी कागद लावत न्हाय, तूच बोल."

अभिनव परत खाली बसला. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन पुढच्याच खुर्चीत होत्या. "अरे, पन स्टूल पे चढके किया क्या?" त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत होते.

रसिका उठली. क्षितिजाचा हात तिच्या हातात होता. "मी सांगते," ती म्हणाली. "गिझरची जी तोटी ठिबकते ना, ती ह्यांनी बुजवली. स्क्रू घालून. वाफेला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. बटण पण आम्हीच चालू ठेवतो, रोज. मावशींनी तर मला सांगितलं होतं की नळातून वाफ येते. मी लक्ष दिलं नाही." तिने क्षितिजाला पुढे घेतलं. "त्या दिवशी आंघोळीला माझी मुलगी जाणार होती. तिच्याऐवजी मावशी भाजल्या. आणि काका, फायर ब्रिगेडचे साहेब हे सगळं बोलले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. ठिबकणं बुजवा, असं तर तुम्हीच ह्यांना म्हणत होतात."

रसिका खाली बसली. आता हे लोक आपल्याकडे बघतील, निदान एकजण तरी काही बोलेल, असं इंदुबाईला वाटलं.

"आमचा पण ठिबकायचा," सहाव्या मजल्यावरचा एक जण म्हणाला. "मी पण बुजवलाय."

"आमच्यात आधी गळत होतं, आता गळत नाही. म्हणजे आत थर बसला असेल का हो?"

"अगं, आपला चालू आहे का आत्ता?"

"जा, जा, बंद कर आधी!"

खुर्च्या सरकल्या. लिफ्टपाशी गर्दी झाली, उरलेले जिन्याने पळाले. हंसाबेनही साडी सावरत निघाल्या. बघता बघता अर्ध्याहून जास्त पार्किंग रिकामं झालं. आपापल्या बाथरूमकडे धावणाऱ्या त्या माणसांच्या वाटेत इंदुबाई उभी होती आणि तिच्या भाजल्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून अनसूया हात पसरून तिला आडोसा देत होती. कोणी 'चुकलं' म्हणालं नाही. कोणाला सुचलंच नाही. संतापाने इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं याचाही तिला संताप आला.

"कागद काढा," ती कामेरकरांना म्हणाली.

"काढू. उद्या काढू. गैरसमज झाला थोडा."

"गैरसमज न्हाय. तुमाला ठाव होता. खोटं लिवलाय तुमी. आत्ता काढा."

"फळ्याला कुलूप आहे, किल्ली वर आहे माझ्या घरी."

"मंग आना. आमी बसतो." ती एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. बाकीच्या बायकाही बसल्या, या इमारतीत पहिल्यांदाच खुर्चीवर. कामेरकर लिफ्टपाशी गेले, लिफ्ट येईना, शेवटी जिना चढून वर गेले, किल्ली घेऊन धापा टाकत खाली आले. काचेचं दार उघडलं आणि कागद काढला. तो खिशात घालायला लागले, तेव्हा इंदुबाईने हात पुढे केला. त्यांनी निमूट दिला. तिने तिथल्या तिथे त्याचे तुकडे केले. एका हाताने फाडता येईना, म्हणून एक टोक दातात धरलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा कागद लागला, असं अनसूयाने सांगितलं. 'सर्व सभासदांनी आपल्या गिझरचे सुरक्षा व्हॉल्व्ह त्वरित तपासून घ्यावेत.' कशामुळे, कोणाच्या चुकीमुळे, कोण भाजलं, त्यात काही नव्हतं. नावं ठेवायला ज्यांना शब्द सापडले होते, त्यांना माफी मागायला सापडले नाहीत.

रसिकाने पुन्हा कामाला या म्हणून खूप विनवलं. क्षितिजाला घेऊन आली. इंदुबाईने पोरीला मांडीवर घेतलं, तिला तळलेले बोंबील भरवले, आणि आईला म्हणाली, "तू उभी राहिलीस, ता मी इसरनार न्हाय. पन त्याच्याआदी इतके दिस गप होतीस, ताबी इसरनार न्हाय. पोरीला आनत जा. काम नको मना तितला."

नीलतरंगमधली बाकीची घरं अनसूयाकरवी निरोप पाठवत राहिली. तिने एकही परत धरलं नाही. डावा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. वाळत घातलेले कपडे मनालीच काढायची. मिरा रोडच्या दुसऱ्या टोकाला इंदुबाईने स्वयंपाकाची कामं धरली. नवीन घरात गेली की आधी बाथरूम बघायची. गिझर ठिबकतो का, भोक मोकळं आहे का, मिस्त्री कधी येऊन गेला, सगळं विचारायची. एका बाईंनी तिला सांगितलं, "तुम्ही पोळ्यांचं बघा, मावशी." त्या घरी ती दुसऱ्या दिवशी गेली नाही.

पुढच्या थंडीतली गोष्ट. भाईंदर स्टेशनहून चौक गावाला जाणाऱ्या बसमध्ये इंदुबाई खिडकीशी बसली होती. पुढच्या सीटवर दोघे जण पेपर वाचत होते. कुठल्यातरी उपनगरात गिझर फुटला होता, एक जण दगावला होता.

"बाईने चालू ठेवला असणार," त्यातला एक म्हणाला. "ह्या लोकांना अक्कल नसते."

इंदुबाई उठून उभी राहिली. बस हलत होती, एका हाताने तिने दांडा धरला.

"ओ भाऊ! पेपरात लिवलाय तसा? दाखवा मना. कंच्या ओळीत?"

तो गडबडला. "नाही, मी आपलं म्हणालो."

"असंच सगले म्हनतात! घर तुमचा, गिझर तुमचा, भोक तुमी बुजवनार, वर्सानुवर्सं मिस्त्रीला दाखवनार न्हाय, आनी फुटला का बाईने केला! अरे, भाजतो कोन? तितं बसून तुमचे कपडे कोन घासतो?" तिने झंपरच्या गळ्याची मागची कड खाली ओढली. मानेपासून पाठीत उतरलेला गुलाबी, चुरगळलेला व्रण मागच्या दोन सीटांवरच्यांना दिसला. कोणीतरी मान फिरवली. "बघा ना, तोंड कशाला फिरवता? ही अक्कल नसलेल्या बाईची पाठ हाय. साहेबाची अक्कल हितं छापलीय."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. कंडक्टर तिकिटांची पेटी सांभाळत पुढे आला. "मावशी, मुर्धा गेलं मागे."

"जाऊ दे. माझा झाला न्हाय अजून."

तिचं झालं तेव्हा राई आलं होतं. ती उतरली. तो पेपर वाचणारा सबंध वेळ पेपरच्या आड बसून होता. बस सुटता सुटता एका खिडकीतून मांडीवर पोर घेतलेली एक तरुण बाई वाकून ओरडली, "मावशी, आमचा तर ठिबकायचा बंदच झालाय! काय करू?"

"आदी बटन बंद कर!" इंदुबाई रस्त्यावरून ओरडली. "आनी मिस्त्रीला बोलव. नवऱ्याला नको!"

बस वळणावरून दिसेनाशी झाली. इंदुबाईने पदर खोचला आणि मुर्ध्याच्या दिशेने चालायला लागली, अजून पुटपुटतच.